चेंडूतली हवा

"हवा कोनी भरली?" कप्तानाने विचारलं.

"म्या भरली, मालक," मी म्हणालो.

"तोंडानं?"

"व्हय. पंप बिघडला व्हता."

हिंगोलीच्या मैदानावर परभणीचा संघ येऊन उभा होता. बघायला कचेरीतले कारकून, मास्तर, व्यापारी, झाडून सगळे. आमचा कप्तान म्हणजे देशमुखांचा थोरला मुलगा. चेंडू यजमानांचा असायचा, असा रिवाज. त्याने तो तोंड आवळलेल्या वादीला धरून उचलला, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा.

"आमी डोक्यानं मारायचं, अन् आत तुझं उष्टं? काढ ती हवा."

तो चेंडू मीच शिवलेला. आम्ही चांभार. क्लबाचा विलायती चेंडू फाटला, तेव्हा मी तो उसवून नमुना घेतला आणि नवा शिवून दिला. मग मला संघात घेतलं. मला वाटलं, पळतो चांगला म्हणून घेतलं. तीन वर्षं खेळलो. बहुतेक गोल माझे. गोल झाला की बाकीचे एकमेकांना मिठ्या मारायचे आणि मी एकटा मधल्या रेषेवर येऊन उभा राहायचो. तेही मला बरोबर वाटायचं. इतका मूर्ख होतो मी.

मेलेल्या बैलाचं कातडं त्यांच्या कपाळाला चालत होतं. माझा श्वास चालत नव्हता.

मी वादी सोडली. आतल्या ब्लॅडरची नळी सोडली. हवा निघून गेली. लोक हसले. मला काहीच वाटलं नाही. हात काम करत होते, एवढंच. कप्तानाच्या चुलतभावाने तांब्याभर पाणी नळीत ओतलं, खळखळून काढलं आणि मग तोंड लावलं. गाल फुगले, डोळे लाल झाले. कशीबशी भरली एकदाची. पण वादी ओवायला कोणाला येत होती? ते चांभाराचं काम. दोघांनी खटपट केली आणि आरीचं टोक ब्लॅडरला लागेल म्हणून सोडून दिली. पंच घड्याळ बघायला लागला.

"बांध रे," कप्तान म्हणाला.

माझा हात आरीकडे गेलाही. बापाचा असाच जायचा, आज्याचाही. मग तो थांबला. मी थांबवला, असं म्हणवत नाही.

"न्हाई बांधनार."

"काहून?"

"आत तुमची हवा हाय, मालक. माझा हात लागंल."

त्याने सगळ्यांदेखत माझ्या कानशिलात मारली. आवाज ऐकू आला. दुखलं नाही. मी क्लबाची बंडी काढली, घडी करून गवतावर ठेवली आणि उघडाच घरी चालत गेलो. सामना परभणीच्या चेंडूवर झाला. आमचे दहाच जण. हरले म्हणे. ते ऐकूनही काही वाटलं नाही.

बाप म्हणाला, "मालकाला न्हाई म्हनला? आता जोडे कोन शिवून घील?"

खरंच होतं त्याचं. वर्षभर देशमुखांच्या गल्लीतून एकही जोडा आला नाही. घरात सगळे अर्धपोटी. मला चीड यायला हवी होती. तीही येत नव्हती. सकाळ व्हायची, मी उठायचो, ओलं कातडं ठोकत बसायचो.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. त्याच मैदानावर तिरंगा लागला. आठवड्याने कप्तान आमच्या वस्तीकडे आला. आत नाही, अलीकडच्या लिंबाखाली थांबला.

"झालं गेलं इसरून जा. आता समदे बराबर. ये खेळायला."

"कप्तान कोन?"

"मीच की."

तेव्हा कुठे मला राग आला. इतक्या वर्षांनी, पुरता. कान जळायला लागला.

"न्हाई येत," मी म्हणालो. मालक म्हणालो नाही.

त्यांनी बोलवायचं आणि आम्ही जायचं, हे संपलं. वस्तीतल्या मुलांना मी आता खेळ शिकवतो आहे. बूट नाहीत, बंडी नाही, कप्तान आमच्यातला. क्लबाशी गाठ पडेल ती समोरासमोर पडेल. त्या दिवशी चेंडू आमचा असेल, आमच्या तोंडाने भरलेला. ज्याला खेळायचं त्याने खेळावं. हवा बदलली जाणार नाही.