दुसऱ्या अंकाचा घाट

चार जुन्या चादरी जोडून शिवलेल्या पडद्याकडे शेजारचे काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा कुठला घाट?"

"आपलाच. राजा घाट," मी फुशारकी मारली. पायऱ्या, होडी, पाण्यातला तांबूस उजेड, सगळं झकास उतरलं होतं.

काका तरुणपणी रेल्वेच्या नोकरीत बनारसला आले आणि इथलेच झाले. गणपतीतलं मराठी नाटक दरवर्षी तेच लिहीत आणि पडदे मी रंगवत असे. मंडळ कायम कफल्लक. चुना, गेरू, नीळ आणि सरस, एवढ्यावर आमची सगळी सृष्टी उभी राहायची. सरस जास्त झाला की पडदा गुंडाळताना पापडासारखा तडकतो, कमी झाला तर नटाच्या पाठीला रंग लागतो. हे मला अगदी पाठ. यंदा काकांची तब्येत बिघडलेली होती, संहितेत शेवटपर्यंत खाडाखोड चालली होती, म्हणून मला फक्त चिठ्ठी आली होती: अंक दुसरा. घाट. संध्याकाळ.

"अगं, डोंगरातला घाट," काका हळूच म्हणाले. "एस.टी. चढते तो. खाली माझं गाव आहे."

मी इथल्याच एका मराठी घरात जन्मले, घरात मराठीच बोलते. पण घाट म्हटल्यावर डोंगर माझ्या मनात आलाच नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय," ते म्हणाले. "म्हटलं, निदान पडद्यावर जाऊन येऊ."

आणि मी त्यांना काय दिलं? त्यांच्या खिडकीतून रोज दिसतो तोच घाट.

नाटक दुसऱ्या दिवशी होतं. नवीन चादरी कुठून आणणार? गच्चीवर पडदा पसरून मी पायऱ्यांवर चुना फासला, वर गेरूने डोंगर काढले. ओलं होतं तोवर डोंगर खरे वाटले. उन्हात वाळत गेलं तसा खालचा रंग चुन्यातून फुटला आणि पायऱ्या एकेक करून पुन्हा वर आल्या. मी तिथेच बसून रडले. स्वतःच्याच हाताचा इतका राग मला कधी आला नव्हता.

प्रयोगात म्हातारी आई मुलाच्या गाडीची वाट बघत म्हणाली, "घाट चढतेय बघ गाडी. आवाज आला." तिच्या मागे गंगेच्या पायऱ्या आणि अर्धवट पुसलेली होडी.

आता हसू फुटणार म्हणून मी विंगेत डोळे गच्च मिटले. कुणीही हसलं नाही. उलट टाळ्या पडल्या. मुलाचं काम करणारा पोरगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, सीन एकदम बढिया दिसतोय. पण गाडी पायऱ्यांवरून कशी काय चढते? कोई सिम्बॉलिक बात है क्या?"

काका पहिल्या रांगेत होते. पडदा पडल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि माफी मागितली.

"तू कशाला माफी मागतेस?" ते म्हणाले. "हसले असते तर बरं वाटलं असतं गं."

त्यांनी खिशातून संहिता काढून माझ्या हातात दिली आणि पुढच्या वर्षी नाटक हिंदीत करा म्हणाले.