जखमी जास्वंद

मुखेडला टपालाची गाडी आणणारा तो चालक बोलण्याआधी हॉर्न दिल्यासारखा खाकरतो. विनाअपघात सेवेचं बक्षीस आठवड्यावर आलंय, हे तो मला हल्ली रोज सांगत होता. परवा गाडी मागे घेताना त्याने टपाल कचेरीशेजारच्या माझ्या दारातली जास्वंदीची कुंडी फोडली. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या माझ्या बायकोची ती कुंडी.

"जाऊ द्या, कुणी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"न्हाई सर. टपालगाडीचा अपघात कळवायचा, कायदा हाय!" पायरीवर बसून त्याने अर्ज काढला. "जखमी?"

"जास्वंद."

त्याने वाकून झाड तपासलं, खाकरला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "कळी शाबूत. धोका टळला."

चार महिन्यांत पहिल्यांदाच मी इतका हसलो की शेजारी धावत आले. त्यांना फुटकी कुंडी दाखवून त्याने साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि बक्षिसावर पाणी सोडलं.