मुलींच्यातला सात नंबर

"बोटं सरळ कर गो बाय," मी पुन्हा म्हटलं.

मुलीने मान हलवली. मोज्याच्या आत बोटं मात्र मुडपलेलीच राहिली.

तिचा पाय मापाच्या फळीवर होता. या फळीला मागे टाच टेकवायला खोबण असते आणि पुढे सरकती पट्टी. पट्टी अंगठ्याला लावली की बाजूला आकडा दिसतो. पट्टी पाचाच्या जरा पुढे थांबली होती. पण पाय पाच नंबरचा नव्हता. रोज पाय हातात घेतले की तेवढं नुसतं बघूनही कळतं.

मी मालवणच्या बाजारात एका बुटांच्या दुकानात काम करते. आधी मुंबईत एका मोठ्या शोरूममध्ये मुलांच्या सेक्शनला होते. माप घ्यायचं आणि बूट नीट बसवायचं काम तिथे शिकले. लग्न करून इकडे आल्यावर तेच पुढे चालू ठेवलं. इकडे बहुतेक लोक मुलाला न आणताच बूट नेतात, त्यामुळे फळी बरेचदा कोपऱ्यात धूळ खात असते.

सानिकाही त्या दिवशी माप द्यायला आली नव्हती. आठवीतली मुलगी, तोंडवलीची. आईबरोबर आली होती, आणि आई आली होती भांडायला. तिने लेकीला पायातले शाळेचे काळे बूट काढायला लावले आणि काउंटरवर ठेवले. शाळा सुरू होताना नेलेले. अजून दिवाळीसुद्धा झाली नव्हती. पुढची शिवण उसवली होती, टाचा चेपून सपाट झाल्या होत्या.

"ह्यो काय माल तुमचो?" तिने विचारलं.

काउंटरवर आमचे मालक, दिगंबरशेट. "वैनी, कंपनीचो माल आसा. तुमचा चेडू बूट घालता कसा ता बघा. टाच चेपून चप्पलेसारखे वापरल्यार बूट काय टिकतले?"

"त्येका तर कितीदा सांगलंय! आयकता कोण?" आई म्हणाली. सानिका शोकेसमधल्या पॉलिशच्या डब्यांकडे बघत राहिली.

मी बूट उचलला आणि आत हात घातला. बुटाच्या आत पायाखाली जो पातळ तळवा असतो, त्याला आम्ही इनसोल म्हणतो. त्यावर बोटांचे ठसे उमटतात. अंगठ्याचा ठसा बुटाच्या टोकापासून बोटभर मागे हवा. ती जागा म्हणजे टो-रूम. चालताना पाय पुढे सरकतो, त्याच्यासाठी ती ठेवतात. या बुटात टो-रूम नव्हतीच. ठसे पार टोकाला भिडलेले आणि खोल होते. बोटं टेकल्यासारखे नव्हे, दुमडून रोवल्यासारखे. म्हणजे मालात खोट नव्हती. बूट लहान होता.

"हे नेले कोणी?" मी विचारलं.

"हिच्या बाबांनी. होडयेच्या इंजिनाचो पार्ट घेवक बाजारात इल्ले. थंयसून फोन केल्यानी, नंबर काय म्हणान. ह्या चेडवान सांगल्यान पाच."

म्हणून मी तिला बसवून पाय फळीवर ठेवायला लावला, आणि तिने बोटं मुडपून घेतली.

"मोजा काढूया का?"

"नको काकी." तिने पाय मागे ओढला.

"नाटकां पुरे झाली हां," आई म्हणाली, खाली वाकली आणि तिनेच मोजा खेचला.

मोजा सहज निघाला नाही. अंगठ्यापाशी चिकटला होता. नख काळं पडलेलं, कडेला सूज आणि पू. बाकीच्या बोटांच्या पेरांवरची सालं गेलेली.

 मोजा हातात तसाच धरून आई खाली फरशीवर बसली.

"ह्या कधी झाला?"

सानिका पुन्हा पॉलिशच्या डब्यांकडे बघायला लागली.

आई माझ्याकडे वळली, पण डोळे खालीच होते. "शाळेत पळूच्या शर्यतीत हिका घेतलेला. प्रॅक्टिसाक जाय नाय म्हणान सरांचो निरोप इलो. परवा मी हिच्या थोबाडात मारलंय, ताई. म्हटलंय, पळूक नको म्हणान लंगडता."

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. कोणी बघतंय असं वाटून तिने साडीचा पदर ओढून त्या पायावर टाकला. तो पदर उचलून मला माप घ्यावं लागलं. मुलीला उभं केलं, दोन्ही पाय मोजले. सात.

मी काउंटरपाशी जाऊन हळूच विचारलं, "शेट, मुलींचे सात आहेत?"

शेट बिल करत होते. त्यांचा आवाज मुळातच मोठा. "सात? मुलींच्यात सात खंय येता? सहाच्या फुडे माल नाय! मुलग्यांच्यातलो काढ!"

चपलांच्या रॅकपाशी उभी असलेली एक बाई वळून बघायला लागली. "काय गो बाय, पायांक खत घालतंस काय?" असं म्हणून हसली. तिच्याबरोबरचे हसले. शेटही हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. बाजारात दिवसभर असंच बोलणं चालतं, आणि त्यावर मीही हसलेली आहे. त्या दिवशी मात्र माझे कान तापले. तो आकडा माझ्याच तोंडून तिथे पोचला होता.

सानिकाने सुजलेला पाय त्याच बुटात कोंबला आणि ती बाहेर गेली.

मी तिच्या मागे गेले. दुकानाच्या बाजूच्या गल्लीत रिकाम्या खोक्यांजवळ ती पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले.  शेवटी तीच बोलली.

"बाबांका पाच मीच सांगलंय. माका म्हायत होता पाच होवचे नाय."

"मग कित्याक सांगलंस?"

"कॉम्प्युटरच्या खोलयेभायर बूट काढूचे लागतत. माझेच सगळ्यांत मोठे दिसतत. गेल्या वर्सा पोरांनी ते पाण्याच्या टाकयेत सोडल्यानी. म्हणतत, होडी. बापाशीचीव होडी, चेडवाचीव होडी."

तिची आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं. "माका कित्याक सांगूक नाय गो?"

सानिका मागे वळली नाही. "तूवच म्हणतंस मा, केवडे गो ह्ये पाय!"

 आईने लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. मी उठून आत गेले. अशा वेळी परक्या माणसाने तिथे असू नये.

आत शेटनी मुलग्यांचे सात नंबरचे बूट काढून ठेवले होते. "दी तिका."

"हे द्यायचे नाहीत, शेट."

"सात होयो होतो मा? सात काढलंय."

मी त्यांना समजावलं. बूट ज्या साच्यावर शिवतात त्याला लास्ट म्हणतात. मुलग्यांचा लास्ट टाचेत रुंद असतो. या मुलीचा पाय लांब आहे, पण टाच अरुंद. या बुटात तिची टाच उचलली जाणार, पाय पुढे घसरणार आणि बोटं पुन्हा टोकाला आपटणार. नंबर बरोबर असला तरी दुखणं तेच राहील. शिवाय नख बरं होईपर्यंत तिला बंद बूट घालायचाच नाही.

"म्हणजे आज बिल नाय," शेट म्हणाले.

"आज नाही."

ते जरा वेळ कुरकुरले. मग कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरला फोन लावला. मुलींचा सात, अरुंद लास्टमध्ये, एकच जोड. एक जोड तो पाठवायला तयार होईना. शेटनी त्याला दोन शिव्या घातल्या, तेव्हा झाला.

मायलेकी परत आल्या. मी आईला सांगितलं, आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर उघडी सँडल घालू द्या, आणि शाळेत जाऊन तसं सांगून ठेवा.

"शाळेत?" ती कसनुशी झाली. "बाई इचारतली, इतके दिवस आवस काय करी होती?"

"विचारतील," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ती गेली शाळेत. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नखाला डॉक्टरांनी चिरा दिला. त्या वर्षीची शर्यत हुकली.

बूट आले तेव्हा मी फोन करून दुपारी बोलावलं. त्या वेळी दुकान रिकामं असतं. सानिकाला उभं करून बूट घातला, पुढे अंगठा दाबून जागा बघितली, टाचेमागे बोट घालून बघितलं. दारापर्यंत चालायला लावलं. टाच उचलली जात नव्हती. आईने तिला विचारलं, "दुखता?" खूप हळू आवाजात. ती म्हणाली, "नाय."

मग तिने एक बूट काढला आणि उलटा करून बघितला. बाहेरच्या रबरी तळावर आकडा कोरलेला असतो.

"काकी, ह्यो नंबर काढशात?"

मी तिला सांगितलं, या वयात पाय आधी वाढतात, उंची मागून येते, वर्षा-दोन वर्षांत सगळं जुळतं. खरंच आहे ते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बूट तसाच माझ्यापुढे धरून ठेवला. आई भिंतीकडे बघत होती.

मी कटर घेतला आणि आकडा खरवडायला लागले. रबर कडक होतं, वेळ लागला. शेट काउंटरवरून बघत होते. झाल्यावर मी बूट परत द्यायला गेले, तर ते म्हणाले, "इनसोलवरचोव काढ." आवाज नेहमीसारखा नव्हता. तेवढंच बोलले आणि पेपर उघडून बसले.

पोरं तिला अजून होडी म्हणतात का, मला माहीत नाही. ती येते ती दुपारीच येते.

आता आमची मापाची फळी रॅकच्या मागे, पडद्याआड असते. माप मोजे काढून, उभं करून, दोन्ही पायांचं घ्यावं, हे मला मुंबईत शिकवलं होतं. आकडा कळला की कोणाला न विचारता आपणच माल ठेवलेल्या माळ्यावर चढून जोड शोधावा, हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात, पण चढते.