फ्लशच्या टाकीत गंगा

गाडीची पूजा झाली आणि कलशातलं पाणी टाकीत ओतायची वेळ आली, तेव्हा सासूबाईंना झाकण उघडून दिलं ते मी. दोन झाकणं होती, मी चुकीचं उघडलं. ते चुकीचं होतं हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि मग शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. तोवर मी अगदी खुशीत होतो.

गाडी म्हणजे मोटरहोम. भाड्याची, ड्रायव्हरसकट. आत दोन पलंग, ओटा, बुटका फ्रिज, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटासारखं एक दार. ते उघडलं की संडास. पलंगाचं आणि ओट्याचं आम्हाला काही पडलेलं नव्हतं. गाडी घेतली ती या कपाटासाठी.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे, कालीघाटाच्या पुढे बेहाल्याला असतात. मूळच्या देवगडकडच्या. जन्मभर त्यांनी सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेला. इथे आल्यावर कोणीतरी त्यांना सांगितलं की चार-पाच तासांवर मंदारमणीला समुद्र आहे आणि तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात बसलं. "उलटा समुद्र" म्हणायच्या त्याला. "एकदा उलटा समुद्र बघायचाय मला," असं त्या भाजी निवडताना सहज म्हणत, आणि पुढची शेंग उचलत.

पण त्यांना दर थोड्या वेळाने जावं लागतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पेट्रोल पंपावरच्या संडासाला त्यांची ना नाही, पण तिथे पोचेपर्यंत धीर धरणं त्यांच्या हातात नाही. मग त्या कुठेच जाईनाशा झाल्या. कोपऱ्यावरचा दवाखाना आणि गल्लीतलं कालीचं देऊळ, एवढीच त्यांची हद्द. इथल्या मराठी मंडळींकडची बोलावणी "गुडघे दुखतात" म्हणून परत जायची. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसात एकाने मोटरहोमचा विषय काढला आणि मी त्याच दिवशी घरी येऊन जाहीर केलं, "आई, तुमच्या संडासाला चाकं लावून आणतो."

"काहीतरीच तुमचं, जावईबापू," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेला ऊन दाखवलं, तेव्हा मी समजलो.

आदल्या संध्याकाळी गाडी सोसायटीत आली. भाड्याची असली म्हणून काय झालं, आपण त्यात झोपणार, जेवणार, म्हणजे ते घरच. आणि घरात पूजेशिवाय पाऊल टाकायचं नाही. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, समोरच्या काचेखाली स्वस्तिक काढलं. ड्रायव्हरने आपल्यातर्फे आरशाला एक जास्वंद अडकवली. सासूबाईंनी बाबूघाटाहून कोणाकडून तरी गंगेचं पाणी मागवून तांब्याच्या कलशात भरलं होतं. त्यात अक्षता, दूर्वा, झेंडूच्या पाकळ्या. थोडं पाणी आत शिंपडलं आणि उरलेला कलश हातात घेऊन त्या म्हणाल्या, "नव्या घरात पहिलं पाणी हे भरायचं. टाकी कुठाय?"

मी चष्मा न लावता गाडीच्या कुशीतलं एक पांढरं झाकण किल्लीने उघडलं. आतून नरसाळ्यासारखं एक तोंडच बाहेर आलं. "बघा," मी म्हणालो, "कंपनीने पूजेची सोय करून ठेवलीय." सासूबाईंनी सुपारी तेवढी काढून घेतली आणि कलश उपडा केला.

सकाळी सामान चढलं. बायकोने ओट्यावर पोळ्यांचा डबा ठेवला. सासूबाई नव्या लुगड्यात गाडीत चढल्या आणि आधी मागच्या कपाटात गेल्या. तालीम, म्हणाल्या. दार लागलं. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघू लागलो. आतून बटण दाबल्याचा आवाज आला, मग एक घरघर, मग काहीच नाही. पुन्हा बटण. पुन्हा घरघर.

त्या बाहेर आल्या, आपली बॅग उचलली, खाली उतरल्या आणि गेटवरच्या रखवालदाराच्या खुर्चीत जाऊन बसल्या. बॅग मांडीवर.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "मी घर बघते. पाणी भरायला कोणीतरी हवंच."

"आई, अगं, वाटेत बादलीने पाणी ओतू की," बायको म्हणाली.

"दर वेळी? आणि तू बादली घेऊन दारात उभी राहणार? नको ग बाई."

फ्लश चालू झाला नाही तर त्या येणार नव्हत्या, आणि आज आल्या नाहीत तर पुन्हा कधीही विचारायची सोय नव्हती.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "दादा, आमि गाडी चालाई, पायखाना चालाई ना." मालकाला फोन लावला तर तो म्हणाला, पंप गेला असेल, सोमवारी मिस्त्री पाठवतो. मी त्याला म्हटलं, सोमवारी सूर्य तर उगवेलच, आम्हाला उद्याचा हवाय. त्याला ते कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

"मी करतो चालू," मी बायकोला म्हणालो.

"तुम्ही?"

या एका शब्दात आमच्या घरातल्या मिक्सरचा, इस्त्रीचा आणि गीझरचा सगळा इतिहास होता. मी हात लावलेल्या वस्तूसाठी मिस्त्री बोलवायचा तर आमची मंडळी त्याला आधी सांगतात, "साहेबांनी उघडलं होतं हं," म्हणजे तो त्या हिशेबाने येतो. पण त्या दिवशी मला खरंच वाटत होतं की हे जमेल. ज्या वस्तूत पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी जातं, तिचं पाणी कुठेतरी अडलेलं असतं; ते कुठे अडलंय एवढंच बघायचं.

आधी बेसिनचा नळ सोडला. धो धो पाणी. म्हणजे गाडीत पाणी आहे आणि बॅटरीही आहे. "झालं, अर्धं काम झालं," मी म्हणालो. बायकोने नळ बंद केला.

मग फ्यूज. संडासाच्या मागे बाहेरच्या अंगाला एक छोटं दार असतं, त्यातून खालची मैल्याची पेटी ओढून काढतात. ती पेटी बाजूला ठेवली की आत भिंतीला फ्यूज दिसतो. मी तो उपटून सूर्यासमोर धरला. तार शाबूत. तरी पुसला, फुंकला, पुन्हा बसवला. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले की पोटात गॅस झाला असेल. ते माझ्याबद्दल बोलत होते की गाडीबद्दल ते मी विचारलं नाही.

"आता आत जा आणि मी सांगेन तेव्हा बटण दाब," मी बायकोला म्हणालो आणि गाडीच्या अंगाला कान लावला. "दाब!"

घर्र.

"सोड! दाब!"

घर्र.

"अहो, सोसायटी गोळा झालीय," आतून आवाज आला.

"होऊ दे. मोटर फिरतेय! फ्यूज ठीक, वायर ठीक, मोटर जिवंत आहे. म्हणजे तिला पाणी मिळत नाहीय. टाकी रिकामी असणार."

"पण नळाला तर एवढं पाणी आलं."

तेव्हा मी चष्मा लावला. संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक चित्र चिकटवलेलं होतं. नळाची टाकी वेगळी, फ्लशची टाकी वेगळी. दोघींची भरायची तोंडं बाहेर शेजारी शेजारी. मी बाहेर येऊन झाकणं पाहिली. एकावर नळाचं चित्र. दुसऱ्यावर, मी काल उघडलं होतं त्यावर, कमोडचं. अगदी स्पष्ट. झाकणासकट.

मी ते उघडलं. नरसाळ्याच्या तोंडाशी एक दूर्वा आणि कुंकवाने लाल झालेले चार तांदूळ चिकटले होते.

बायको उतरून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग गेटकडे, आईकडे.

"आईला सांगू नका," ती पुटपुटली.

"नाही सांगत."

"गंगा, अहो. आणि कुठे!"

"कळलं ग मला."

आता मात्र माझे हात आपोआप चालू लागले, कारण काय बिघडलंय ते डोळ्यांपुढे दिसत होतं. पेटीच्या जागेत एक पारदर्शक नळी उभी होती. तिच्यातून टाकीतलं पाणी किती आहे ते दिसतं आणि ती खाली वाकवली की टाकी रिकामी होते. मी ती बादलीत वाकवली. पाणी गढूळ आलं, गंगेच्या रंगाचं, आणि त्यातून पाकळ्या. टाकी रिती झाल्यावर आत हात घालून पंप ओढला. मोठा असेल असं वाटलं होतं. निघाला अंगठ्याएवढा, वायरीला लटकलेला. त्याच्या तळाला बारीक जाळी, आणि त्या जाळीवर रात्रभर भिजून फुगलेल्या अक्षतांचा भात बसलेला. फक्त फोडणी द्यायची राहिली होती.

बायकोने न मागता जुना टूथब्रश आणून दिला. मी जाळी घासली, पंप बादलीत बुडवून फिरवून पाहिला, टाकी तांब्या-तांब्याने धुतली. शेवटची तांदळाची कणी बोटाच्या टोकाने काढत होतो, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"काय सापडलं?"

सासूबाई बॅगेसकट उठून आल्या होत्या. खाली वर्तमानपत्रावर मी लाल तांदूळ आणि पाकळ्यांचा छोटा ढीग केला होता. बायकोने त्यावर पाय ठेवायचा प्रयत्न केला, पण अक्षतांवर पाय कसा ठेवणार? तिने तो हवेतच धरला आणि पुन्हा मागे घेतला.

सांगू नका म्हटलं होतं. पण ज्या बाईला मी वाटेत पन्नासदा या कपाटात बसवणार होतो, तिला खोटं सांगून कसं बसवायचं?

"आई, काल मी झाकण चुकीचं उघडलं," मी म्हणालो. "आपण कलश फ्लशच्या टाकीत ओतला."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी वर्तमानपत्राची चारी टोकं गोळा केली आणि पुडी बांधली.

"ही तुळशीत टाक," त्यांनी बायकोला पुडी दिली. मग मला म्हणाल्या, "घाटावर त्या गंगेत काय काय सोडतात ते मी इथे नवी आले आणि कालीघाटाला जायचे तेव्हा बघितलंय. तिला याचं काही वाटायचं नाही. वाटलंच तर तुमचं वाटेल."

"हो."

"आता चालतंय का?"

मी पंप आणि पेटी परत जागेवर बसवून टाकीत नळाचं स्वच्छ पाणी भरलं. कमोडच्या चित्राच्याच झाकणातून, आणि या वेळी चित्र कशाचं आहे ते मोठ्याने म्हणून. सासूबाई स्वतः आत गेल्या. बटण. घर्र. आणि मग असा काही खळखळाट झाला की पहिल्या मजल्यावरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दारात उभ्या राहिल्या. बॅग अजून हातातच होती.

"आणि वाटेत पुन्हा बंद पडलं तर?"

"तर पुन्हा चालू करीन," मी म्हणालो. "आता याच्या पोटात काय आहे ते सगळं मला माहीत आहे."

त्यांनी माझ्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं, बॅग आत ठेवली आणि खिडकीजवळची जागा धरली.

हुगळीवरचा दुसरा पूल ओलांडून हावड्याच्या बाजूला उतरेपर्यंत त्या एकदा उठल्या, पुढे आणखी कितीदा ते मी मोजलं नाही. दर वेळी दार लागलं की मी, बायको आणि ड्रायव्हरसुद्धा बोलणं थांबवायचो. खळखळाट ऐकू आला की पुन्हा बोलायला लागायचो.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूवर आम्ही तिघं उभे होतो. सूर्य आला, जसा यायचा तसा, पाण्यातून. सासूबाईंनी हात जोडले, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हं. उलटाच आहे," आणि ओल्या वाळूवर लांबपर्यंत एकट्याच चालत गेल्या.

मला वाटलं, आता थोडं कौतुक व्हायला हरकत नाही. मी बायकोला म्हणालो, "मिस्त्रीला सोमवारीही जमलं नसतं. पंप, जाळी, टाकी, सगळं एकट्याने. तुझ्या आईला समुद्र दाखवला मी."

ती आईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती.

"समुद्र तिने जन्मभर पाहिलाय," ती म्हणाली. "काल वाटेत कोलाघाटला तिने चहा घेतला, आणि तुम्ही पैसे देत होतात तेव्हा वर आणखी एक मागवला. बाबा गेल्यापासून घराबाहेर पडताना तिने घोटभर पाणी प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं."