आत्यांनी उपटून टाकलेलं डेलियाचं रोप

बागवाल्या मैत्रिणींनो, सकाळपासून डोकंच चालंना, म्हणून तुम्हालाच विचारून राह्यले.

दिवाळीआधी मी डेलियाचं बी टाकलं होतं. रोपं लई दाट उगवली. माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्यांचा, सगळा जन्म कपाशीत गेला. त्यांनी कपाशीसारखीच विरळणी केली. जोमाची रोपं ठेवली, मरतुकडी उपटून फेकली.

मला राहवलं न्हाई. फेकलेल्यातलं एक रोप मी गुपचूप न्हाणीमागं रंगाच्या जुन्या बादलीत लावलं.

अंगणातल्या जोमाच्या रोपांना फुलं आली, पण सगळी एकेरी, पाकळ्यांची एकच ओळ. आणि आज बादलीतलं फूल उमललं. गर्द लाल, भरगच्च, तळहातात मावंना एवढं. मरतुकड्या रोपाला असं फूल कसं, मला तर बिलकुल कळलं न्हाई.

आत्या न्हाणीकडं गेल्त्या, तिथंच थबकल्या. बराच वेळ पाहत राह्यल्या. मंग मला हाक मारली.

"पाह्यलं का? म्हणून म्हन्ते, जोमाचंच रोप ठेवावं."

मी "हो आत्या" म्हणाले आणि चहा टाकायला आत आले.

खरं सांगावं तर त्यांचा फुललेला चेहरा उतरंल. न सांगावं तर शेजारच्या काकूंनी उशिरा टाकलेलं डेलियाचं बी आत्ताच दाट उगवलंय.

काय करू? जल्दी सांगा. आत्या तिकडं विरळणी करायला निघाल्यात.