सहा कोंबड्यांतला एक कोंबडा

माझी मामी एका हॅचरीत सत्तावीस वर्षं कोंबडीच्या पिल्लांचे पंख बघत होती. दिवसाला आठ हजार पिल्लं. एक दिवसाचं पिल्लू उचलायचं, अंगठ्याने पंख पसरायचा, पिसांची खालची रांग वरच्या रांगेपेक्षा लांब दिसली की मादी, उजव्या पेटीत. दोन्ही रांगा सारख्या असल्या की नर, डाव्या पेटीत. एका पिल्लाला तीन सेकंद. मामाला पसंत करायलाही तेवढाच वेळ लागला, असं ती चारचौघांत सांगायची. मामा कसंनुसं हसायचा.

कामाचा तिला भयंकर माज होता. एकदा हॅचरीच्या साहेबांनी डाव्या पेटीतलं एक पिल्लू उचललं आणि म्हणाले, ‘‘ही मादी वाटते मला.’’

‘‘तुम्हाला काय, काहीही वाटेल,’’ असं म्हणून मामीने पुढचं पिल्लू घेतलं.

गल्लीतल्या एका बाईंनी तिला आपल्या पोटुशा सुनेकडे बघून अंदाज सांगायला बोलावलं होतं. मामी म्हणाली, ‘‘माझं गिऱ्हाईक आधी अंड्यातून बाहेर येतं. तुमचंही येऊ द्या, मग सांगते.’’

अशी ही मामी निवृत्त झाली आणि दोन महिन्यांत माझ्या आईच्या तावडीत सापडली.

आई म्हणजे मामाची थोरली बहीण, मामीची नणंद. तिने पोस्टाच्या खिडकीवर बसून आयुष्यभर लोकांचे चुकीचे पत्ते पकडले होते आणि निवृत्तीनंतर पकडायला काही उरलं नव्हतं. तिने बाजारातून चार दिवसांची सहा गावठी पिल्लं आणली. अंडी हवी होती, पण कोंबडा नको होता, कारण भिंतीला भिंत लागून राहणारी नर्स रात्रपाळी करून सकाळी झोपायची. तिने आधीच बजावलं होतं, ‘‘कोंबड्या पाळा, नाहीतर हत्ती पाळा. आरवणारं काही नको.’’

तेव्हा मामीला बोलावणं गेलं. मी त्या दिवसांत माहेरी आले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

खरी गोष्ट अशी की पंखाची ती खूण फक्त हॅचरीतल्या मुद्दाम तयार केलेल्या जातीला लागू पडते. बाजारातल्या गावठी पिल्लांचे पंख बघून काही कळत नाही. मामीला हे पक्कं ठाऊक होतं. पण नणंदेसमोर ‘मला सांगता येणार नाही’ म्हणण्यापेक्षा तिने स्वतःची जीभ गिळली असती. तिने ऐटीत सहाही पंख उघडले.

‘‘सगळ्या माद्या, वन्सं. लिहून देते.’’

‘‘द्या,’’ आई म्हणाली आणि कागद-पेन पुढे केलं. मामीने सही ठोकली.

सहाव्या आठवड्यात मामी चहाला आली आणि खुराड्यापाशी थबकली. पाच जणींचे तुरे बारीक आणि फिकट होते. सहावीचा तुरा जाड नि लालबुंद, पाय दणकट, आणि उभं राहणं असं की जणू आत्ता कुणालातरी दंड ठोठावणार.

‘‘ही जरा वेगळी दिसते नाही, वहिनी?’’ आईने विचारलं.

‘‘अंगाने भरलीय. अशाच जास्त अंडी देतात,’’ मामी म्हणाली आणि चहा अर्धा टाकून निघाली.

घरी जाऊन तिने मामाला सांगितलं, ‘‘अहो, कोंबडा आहे तो.’’ लग्नानंतर मामाला इतका आनंद कधीच झाला नव्हता. तो हसता हसता खुर्चीवरून घसरला. मामीने त्याला उठवलं आणि शिक्षा म्हणून कटात सामील करून घेतलं. त्याच रंगाची, त्याच वयाची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, शोधायची आणि आई घरात नसताना गुपचूप अदलाबदल करायची. तशी तलंग मिळायला दोन आठवडे गेले.

आई दाताच्या डॉक्टरकडे गेली त्या दुपारी दोघं मागच्या दाराने आली. मामाच्या हातातली भाजीची पिशवी कुरकुरत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. अंगणात मामा वाकून धावत होता, कोंबडा त्याच्या पुढे, आणि मामी दबक्या आवाजात ओरडत होती, ‘‘शेपटी नाही हो, पाय धरा! पाय!’’

मामाने शेवटी त्याला काखेत दाबलं, आणि दारात आई उभी. डॉक्टर सुट्टीवर होते.

‘‘वन्सं, तुमच्यासाठी सातवी आणली,’’ मामी म्हणाली. ‘‘भेट.’’

‘‘आणि काखेतली सहावी कुठे निघाली?’’

मामाने घाईघाईने कोंबडा पाठीमागे धरला.

‘‘वहिनी, चार दिवस झाले, पहाटे आरवतोय तो. नर्सबाईंची माफी मागून झाली माझी. मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. म्हटलं, बघू तुम्ही कधी सांगताय.’’

मामी पालथ्या बादलीवर बसली.

‘‘तुमच्या पिल्लांचे पंख बघून मला काही कळलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी. थापच मारली मी.’’

‘‘मग तेव्हाच बोलायचं ना.’’

‘‘मला येऊन-जाऊन एकच गोष्ट येते, वन्सं. तीही येत नाही म्हटलं, तर माझ्याकडे उरलं काय?’’

आईने पर्स कट्ट्यावर ठेवली. ‘‘जीभ उरली की. ती एकटी आम्हा सगळ्यांना पुरते.’’

मामीला हसू फुटलं, आणि मग आईलाही. मामाने संधी साधून विचारलं, ‘‘मग ह्याला आता पातेल्यात घालायचं ना?’’

‘‘हात लावून बघा,’’ मामी म्हणाली आणि कोंबडा त्याच्याकडून काढून मांडीवर घेतला. सवयीने तिचा अंगठा पंखाकडे गेला, मग थांबला. तिने त्याची मान हलकेच वळवली. ‘‘लाखो नर डावीकडे टाकले मी, मरायला. एकाचंही तोंड बघितलं नाही. बघितलं असतं तर टाकता आलं नसतं.’’

कोंबडा मामीच्या घरी गेला. तिचं घर गल्लीच्या टोकाला, शेजारी नुसतं गोदाम. तो मामीच्या मागेमागे फिरतो आणि मामा दिसला की पोटरीवर झेप घेतो. मामा आता अंगणात जाताना परात पुढे धरतो.

लोक अजूनही पिल्लं घेऊन मामीकडे येतात. ती त्यांना परत पाठवते. ‘‘दोन-तीन महिन्यांनी या. तुरा लाल आणि शेपटीजवळची पिसं टोकदार झाली तर नर, गोल राहिली तर मादी. त्याआधी सांगणारा थापाड्या.’’ आई शेजारी बसून अशी मान डोलावते की बघणाऱ्याला वाटावं, हॅचरीत हीच होती.

परवा एका पिल्लावरून दोघींची जुंपली. आई म्हणते नर, मामी म्हणते मादी. खरं काय ते कळायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर बोलणं बंद.