पळता बोर्ड

आमच्या आईची चांगली चालणारी खानावळ मी फक्त एका फॉन्टच्या जोरावर बंद पाडत आणली होती.

चाकणला कंपनीच्या बस थांबतात, तिथंच आमची 'सुमन खानावळ'. सुमन म्हणजे आई. बोर्ड अण्णांनी स्वतः रंगवलेला. अण्णा कंपनीत पेंट शॉपला. आठवडाभर गाड्या रंगवायचे आणि सुट्टीला ब्रश घेऊन आईच्या नावापुढं बसायचे. गोल, गुबगुबीत, मांडी घालून बसलेली अक्षरं! अण्णा गेले, मग बोर्डाचा रंगही उडायला लागला. मी पडलो डिझायनर (म्हणजे पिंपरीत एका दुकानात लग्नपत्रिका करतो). म्हटलं, आईला नवा बोर्ड देऊ.

फॉन्ट निवडला जाडजूड, टोकदार, उजवीकडं झुकलेला. मोटारसायकलच्या टाकीवर असतो तसला.

"आई, बोर्डात एनर्जी पाहिजे."

"भाकरीत आहे की," आई म्हणाली.

बोर्ड लावायला अण्णांचे दोस्त रफिकचाचा आले. मी कामावर होतो. संध्याकाळी येऊन बघतो, तर अख्खा बोर्ड तिरका! उजवं टोक वर, डावं खाली.

"चाचा, हे काय केलं?"

"अरे बेटा, तुझी अक्षरं पडायला लागली होती. बोर्ड फिरवून उभी केली."

अक्षरं खरंच ताठ उभी होती. फक्त आई घाट चढत होती.

बोर्ड सरळ करून घेतला आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. एक दंड फुगवलेला पोरगा आत येऊन म्हणाला, "काकू, जिमची महिन्याची फी किती? ट्रेनर आहे ना?" दुसऱ्यानं बाईक ढकलत दारात आणली, पंक्चर काढायला. आईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली. (पंक्चर तसंच राहिलं.) आणि नेहमीची माणसं बसमधून उतरून सरळ पुढं जायला लागली. त्यांना वाटलं, अण्णांच्या माघारी वहिनींनी जागा विकली. भाकरी उरायला लागली.

आई दारात उभी राहून वर बघायची. एकदा म्हणाली, "ह्यांची अक्षरं दिसली की वाटायचं, शिफ्ट सुटली, आता येतीलच. आता तसं वाटतच नाही रे."

मलाही अण्णा हवे होते. चाचांना फोन लावला.

"चाचा, जुना बोर्ड भंगारात गेला का?"

"जाईल कसा? वहिनींनी हात लावू दिला नाही. तुझा मोठा, त्याच्यावरच बसवलाय."

माझी एनर्जी चाचांनी पान्यानं उतरवली. खाली अण्णांची सुमन होती तशी बसलेली. आईनं पदरानं धूळ पुसली आणि बराच वेळ पुसतच राहिली. त्याच संध्याकाळी बस रिकामी झाली ती आमच्याच दारात.

परवा कंपनीतला एक नवा इंजिनिअर जेवून हात धुताना म्हणाला, "भावा, बोर्डाचा फॉन्ट कसला भारी आहे. कुठून डाउनलोड केला?"

"आमच्या अण्णांच्या हातचा आहे, आता मिळत नाही," मी म्हणालो. "मिळत असता, तर आमच्या आईनं माझ्यावर भागवलं असतं का?"